आबांच्या विहिरीतलं भूशास्त्र

वडील मे महिन्यात गेले आणि जुलैत मी बारामतीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागलो. नोकरी तासिका तत्त्वावरची. विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख सर आणि मी. बाकी सगळे दगड, काचेच्या कपाटात चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेले. सरांनी प्रथम वर्षाचा पहिला धडा माझ्याकडे दिला: भूशास्त्राची ओळख आणि त्याच्या प्रमुख शाखा. "सोपा आहे, तयारीसुद्धा लागायची नाही," ते म्हणाले. ते माझ्यावर दया करताहेत हे मला कळलं, आणि त्याचा राग आला नाही. एरवी कुणी दया दाखवली की भडकणारा माणूस आहे मी.

पहिल्या तासाला पस्तीसेक मुलंमुली समोर बसली होती. मी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि बोलायला लागलो. पृथ्वी कशाची बनली, कशी बनली, तिच्या पाठीवर आणि पोटात काय काय चालतं, याचा अभ्यास म्हणजे भूशास्त्र. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, म्हणजे भूगोलच की." आमच्या विषयाच्या माणसाला हे ऐकलं की मिरच्या झोंबतात. मी स्वतः विद्यार्थी असताना यावरून एका नातेवाइकाशी अबोला धरला होता. पण त्या दिवशी "नाही, वेगळं आहे" एवढंच म्हणालो आणि पुढे गेलो.

मला काहीच वाटत नव्हतं, हे इथंच सांगून टाकतो. पुढे कुठं मी शांत दिसलो तर तो शहाणपणा समजू नये. मी वेळेवर जेवत होतो, वेळेवर झोपत होतो, बारामतीच्या स्टँडसमोर चहा पीत होतो, शनिवारी इंदापूरची एसटी धरून शेळगावला घरी जात होतो. शेळगावची माणसं म्हणायची, पोरगं लई धीराचं हाय. धीराबिराचा काही संबंध नव्हता. उंबऱ्यात ठेच लागली तरी ती दुसऱ्या कुणाच्या पायाला लागल्यासारखी वाटायची.

आबा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदायचे. इंदापूर तालुक्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या. सुरुवातीला नुसत्या पहारी आणि टिकाव. नंतर यारी आली, विहिरीच्या काठावर उभं राहून तारेच्या दोरानं डबर, म्हणजे फोडलेला दगड, वर ओढणारं इंजिन. आई तीस वर्षं त्यांच्याबरोबर. ते आत फोडायचे, ती वर पाट्या वाहायची. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, पेढे वाटायचा. सुरुवातीच्या वर्षांत आबांच्या हातावर तो पेढा वरून टाकला जायचा. आबा हे हसत सांगायचे. मला ते ऐकताना कधी हसू आलं नाही, आणि तसं मी त्यांना दोन-चारदा तोंडावर सांगितलंही होतं.

मी भूशास्त्र घेतलं तेव्हा गावात थट्टेला ऊत आला. "दगडात काय शिकायचं? डोक्यात भरायचं व्हय?" असं पारावरची माणसं विचारायची. लातूरकडचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडेही भांडी वाजली, तेव्हापासून तीच माणसं मला अडवून विचारू लागली की आपलं गाव कधी खाली जाणार. आबांना मात्र माझ्या विषयाचं पहिल्यापासून कौतुक. "मी जलमभर दगुड फोडला. आतमदी काय हाय ते एकाला तरी नीट कळू दे," ते म्हणायचे. मी पुण्याहून एम.एस्सी. करून आलो तेव्हा त्यांनी आमच्या स्वतःच्या दोन एकरांत, आमच्या स्वतःच्या विहिरीला हात घातला. आमच्या घराण्यातली ती पहिली विहीर. आजाला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, हे सांगायला कुणी बसायचं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर वर्गात मी शाखा सांगत होतो. खनिजशास्त्र आधी, कारण खडक खनिजांचे बनतात. हे सांगताना मी खिशातून एक पांढरा स्फटिक काढला आणि पहिल्या बाकावर दिला. मुलांनी तो हातोहात मागे नेला. आमच्या भागातल्या खडकाच्या पोकळ्यांत असले स्फटिक भरलेले असतात. आबा त्यांना गारा म्हणायचे. मी त्यांना एकदा सांगितलं होतं की याला स्टिल्बाइट म्हणतात. त्यावर ते म्हणाले, "म्हणत्यात तर म्हनू द्या. हे दिसलं की समजायचं, खडक आता मऊ निघनार, पानी जवळ आलं."

मग शिलाशास्त्र, खडकांचं शास्त्र. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित, असे तीन प्रकार. बारामती-इंदापूरच्या मुलांना यातला एकच जन्मभर बघायला मिळतो, कारण आमच्याकडे सगळा बेसाल्ट. लाव्हा आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा आला. एकच खडक, पण आबांकडे त्याची चार-पाच नावं होती. लाव्ह्याच्या थराचा खालचा भाग घट्ट, तो काळा पाषाण. वरच्या भागातून वायू निघून गेलेले, म्हणून त्यात भोकंच भोकं, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मधे लाल पट्टा, तो गेरू. आणि उन्हापावसानं सगळ्याचा भुगा होऊन उरतो तो मुरूम. माझ्या पुस्तकात याला अर्धं पान लागतं. आबा पहारीच्या आवाजावरून सांगायचे, आणि ते चुकलेले मला आठवत नाहीत.

स्तरशास्त्र म्हणजे थरांचा क्रम. खालचा थर जुना, वरचा नवा. पुराजीवशास्त्र म्हणजे खडकात सापडणाऱ्या जुन्या जिवांचा अभ्यास. यावर मी दरवेळी एक विनोद करतो, की लाव्ह्यात राहायला कोण येणार, म्हणून आपल्या तालुक्यात जीवाश्म नाहीत, कपाटातला तो शंख कच्छहून आणलाय. पहिल्यांदा केला तो त्या दिवशी. मुलं हसली. पुढे भूजलशास्त्र, खाणी आणि खनिजांच्या उपयोगाचं आर्थिक भूशास्त्र, धरणं-पूल बांधणाऱ्यांना लागणारं अभियांत्रिकी भूशास्त्र. मधलं संरचनात्मक भूशास्त्र मी गाळलं. खडकाला भेगा कशा पडतात, तो कुठं फुटतो, कसा फुटतो, याचं ते शास्त्र. गाळलं हे माझ्या लक्षात आलं ते तास संपल्यावर, फळा पुसताना.

त्याचं कारण सांगायला हवं.

विहिरीत काळा पाषाण लागला की बार उडवावे लागतात. खडकात भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, प्रत्येक भोकातून एक वात बाहेर सोडायची. वातींची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे बार एकामागून एक वाजतात आणि मोजता येतात. वाती पेटवून माणूस वर येतो, शिडी वर ओढून घेतो आणि सगळे लांब बांधाआड जाऊन बसतात. तिथे एक जण मोजतो. आबांचे याबाबत दोन नियम होते. वाती कापणाऱ्यानं बार मोजायचे नाहीत. आणि पेटवणाऱ्यानं किती पेटवले ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही. "आकडा ठावं आसला की कान तेवढंच ऐकतो," असं ते म्हणायचे. सगळं शांत झालं की ते विचारायचे, "किती?" मोजणाऱ्यानं सांगितलेला आकडा आणि त्यांच्या मनातला आकडा जुळला तरच विहिरीत उतरायचं. एकानं कमी भरला तर एक बार आत जिवंत आहे असं समजायचं आणि त्या दिवशी विहिरीत पाय ठेवायचा नाही.

आमच्याकडे मोजायचं काम दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. त्या दिवशी यारीचा तारेचा दोर तुटला म्हणून तो दोर घेऊन दादा सकाळीच इंदापूरला गेला. दिवस वाया जाऊ नये म्हणून आबांनी तेवढ्यात बार उडवून ठेवायचं ठरवलं. विहीर तीसेक फूट गेली होती. सकाळीच मी आत उतरून तळ बघितला होता आणि आबांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की अर्धा तळ काळा पाषाण आहे आणि अर्ध्यात मांजऱ्या सुरू झालाय. ते म्हणाले, "व्हय, कालच लागला." वाती मी कापल्या. सात. कापताना घाई केली, दोन जवळजवळ सारख्याच लांबीच्या झाल्या. हे दिसलं होतं मला, पण राहू दिलं.

मग मोजायला कुणी नव्हतं. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "मोजशील का? का थांबायचं दादासाठी?" वाती मीच कापल्यात हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी म्हणालो, "मोजतो की आबा. सात तर मोजायचेत." आकडा मी तोंडानं बोलून टाकला. ते थोडे थांबले, मग शिकलेल्या पोराचा मान राखल्यासारखे हसले आणि शिडी उतरायला लागले. आई पलीकडच्या बाभळीखाली भाकरी सोडून बसली होती.

आबा वाती पेटवून वर आले आणि आम्ही तिघं बांधाआड बसलो. पहिला, दुसरा, तिसरा. खणखणीत. चौथा लांबला, जड आणि पसरट वाजला. मग पाचवा, सहावा. मग काही नाही.

मी सहा ऐकले. आणि लगेच डोकं चालवलं. दोन वाती सारख्या लांबीच्या होत्या, म्हणजे दोन बार एकदम उडाले असणार, म्हणून तो चौथा आवाज एवढा मोठा. तो चौथा आणि पाचवा मिळून. पुढचे सहावा आणि सातवा. हिशेब बसला. भुसभुशीत मांजऱ्यात एकच बार उडाला तरी तो तसाच पसरट वाजतो, हे मला कळायला हवं होतं. तळात मांजऱ्या आहे हे मीच सकाळी सांगितलं होतं. दोन गोष्टी एका डोक्यात होत्या आणि त्या एकमेकींना भेटल्या नाहीत.

आबांनी विचारलं, "किती?"

"सात," मी म्हणालो.

धूर विरेपर्यंत आम्ही थांबलो. आबांनी एक भाकरी खाल्ली. मग पहार घेतली आणि डबर सैल करून ठेवायला शिडीनं खाली उतरले. थोड्या वेळानं सातवा बार वाजला.

पुढचं मी फार सांगणार नाही. इंदापूरचा सरकारी दवाखाना, पंचनामा. शिपायानं मला विचारलं, "किती बार लावले होते?" मी म्हणालो, सात. त्यानं लिहून घेतलं. वाजले किती, हे त्यानं विचारलंच नाही. मी वाट बघत उभा होतो. घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, वंदना झाली, जलदानाचा विधी झाला. दादा रडला, आई रडली. मी सतरंज्या घातल्या आणि सतरंज्या काढल्या. एक पाहुणा म्हणाला, "रडून घे रं, मोकळा व्हशील." मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. एवढंच काय ते वाटलं.

खरी गोष्ट दादाची होती. त्यानं सगळं स्वतःवर घेतलं. "मी आसतो तर मी मोजलं आसतं," हे तो जेवताना म्हणायचा, बैलाला पाणी दाखवताना म्हणायचा, कुणी न विचारता म्हणायचा. "त्या दोरापायी गेलो आन् घात झाला." त्यानं यारी विकली, विहिरीकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या बागाईतदाराच्या डाळिंबात रोजानं जायला लागला. चार महिन्यांत त्याच्या शर्टात दुसरा दादा मावला असता. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी दोन बार एकत्र उडाले समजून चुकलो असेन, असा संशयही कुणाला नव्हता. सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं की आबांनी स्वतःच मोजलं आणि एक बार चुकला, नाहीतर दारूच खराब होती. मी एक वाक्य बोललो असतो तर दादाचं ओझं उतरलं असतं. ते माझ्यावर आलं असतं, हे उघड आहे. पण भीतीनं मी गप्प होतो असंही नाही म्हणता येणार. भीती वाटायला काहीतरी वाटावं लागतं. शनिवारी मी घरी यायचो, दादाच्या शेजारी माझं अंथरूण पडायचं, तो कूस बदलत राहायचा आणि मला झोप लागायची.

दिवाळीनंतर सरांनी प्रथम वर्षाची क्षेत्रभेट काढली. पुस्तकातले थर प्रत्यक्ष बघायला आमच्या भागात डोंगर नाहीत. विहिरीच बघाव्या लागतात. एका जुन्या विहिरीवर वरकुट्याला जायचं ठरत होतं, पण त्या विहिरीत पाणी भरलेलं निघालं. सर बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या गावाकडे कोरडी विहीर असेल ना एखादी?" बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "आहे सर. थर चांगले दिसतात." आणि एका भाड्याच्या गाडीतून पस्तीस मुलं घेऊन मी माझ्या बापाच्या विहिरीवर गेलो. हे मी का केलं, असं नंतर सरांनीच मला विचारलं. थर खरंच चांगले दिसतात, याखेरीज माझ्याकडे कारण नव्हतं.

काठावर दोर बांधला होता, मुलं त्याच्या अलीकडे उभी राहिली. मी काठीनं दाखवत गेलो. वर मुरूम, मग काळा पाषाण, लाल पट्टा, त्याखाली मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण आणि अगदी तळाशी पुन्हा मांजऱ्याची सुरुवात. म्हणजे इथे निदान तीन वेळा लाव्हा आला. मी जुलैत गाळलेलं संरचनात्मक भूशास्त्रही सांगितलं, भेगा दाखवल्या, पाणी कुठून झिरपलं असतं ते दाखवलं. आई कळशी आणि पेला घेऊन मुलांना पाणी देत फिरत होती. आपल्या विहिरीवर पोराचा वर्ग भरलाय म्हणून तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं.

एका मुलीनं पाषाणातल्या उभ्या खाचेकडे बोट दाखवलं. "सर, ही अर्धी नळी कशाची?" ते बारासाठी पाडलेलं भोक होतं, अर्धं खडकाबरोबर उडून गेलेलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "सगळे बार उडाले हे कसं कळतं?" मी तेही सांगितलं. वाती लहानमोठ्या का कापतात, बांधाआड बसून कसं मोजतात, कापणाऱ्यानं का मोजायचं नाही. पुस्तकातला उतारा वाचावा तसं नीट, क्रमानं. सर खाली बघत होते. मुलं लिहून घेत होती. आईच्या हातातला पेला भरून वाहायला लागला होता.

गाडी गेली. मी सोमवारी परस्पर येतो म्हणून मागे थांबलो. आई काठावर बसून राहिली होती. मी दोर सोडवून गुंडाळत होतो.

"वाती त्या दिशी तू कापल्या हुत्यास," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् मोजलंबी तूच."

"व्हय." मग मी म्हणालो, "आई, सहाच वाजलं हुतं. मी सात म्हणालो." सहा महिने तोंडात धरलेलं वाक्य एवढंसंच निघालं.

ती म्हणाली, "ठावं हाय मला."

मला वाटलं, तिनं आत्ता वर्गाचं ऐकून ताडलं. पण ती विहिरीकडे बघत बोलत राहिली. "मी कवा मोजलं न्हाय आसं झालं न्हाय. तीस वर्सं. आत माझा मानूस उतरनार, मी न मोजून कसं चालंल? कुनी का मोजंना, मी मनात मोजत्येच. त्या दिशी सहाच ऐकलं मी. तोंड उघडनार, तंवर तू सात म्हणालास. म्हणलं, शिकल्यालं लेकरू हाय, दगडाचंच शिकलंय. आपल्याच कानात काय तरी झालं आसंल." तिनं कळशी जवळ ओढली. "भाकरी म्या वाढली त्येंला. वाढताना मनात येत हुतं, इचारावं. न्हाय इचारलं."

मी दोर हातात धरून उभा होतो. सहा महिने आपण एकटेच काहीतरी लपवतोय असं मी समजत होतो. घरात दोन माणसं तेच करत होती, आणि तिसरा न केलेल्या चुकीसाठी वाळत चालला होता. मला माझी शरम वाटली. नीट, अंगातून गरम वाफ जावी तशी वाटली.

"चल," आई म्हणाली. "थोरल्याला सांगू."

दादा डाळिंबाच्या बागेत औषध मारत होता. आम्हाला दोघांना बांधावरून येताना बघून त्यानं पाठीवरचा पंप उतरवला. कुणी वारलं की काय, अशा नजरेनं तो बघत होता. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली. "पोरा, तू नसताना सहाच बार वाजलं हुतं. मी मोजलं हुतं आन् गप बसले. माझ्यापायी गेलं तुजं आबा. तुजा काय दोष न्हाय त्यात." एवढंच. माझं नावही तिनं घेतलं नाही. माझे सात तिनं सगळेच्या सगळे गिळून टाकले होते, आणि मी गप्प राहिलो असतो तर तिनं ते आयुष्यभर पचवले असते.

"दादा, सात मी म्हणालो," मी म्हणालो. "वातीबी मीच कापल्या हुत्या. आबांनी किती इचारलं, मी सात म्हणालो."

दादा आईकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. मारेल असं मला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तो खाली बसला, हाताला लागलेलं औषध मातीत पुसत राहिला.

"मोजताना मानूस चुकतं," तो म्हणाला. "मी दोनदा चुकलोय. आबांनी थोबाडीत दिली हुती." मग त्यानं वर बघितलं. "पर दर शनवारी येऊन तू माझ्या शेजारी निजत हुतास की रं."